रोज किती कॅलरी लागतात? आपल्याच स्वयंपाकघरात बसून काढायचा हिशोब

वजन कमी करायचं ठरवलं की घरातून पहिला सल्ला येतो भात बंद करण्याचा, आणि वाढवायचं असेल तर केळी-दूध सुरू करण्याचा. पण या माणसाला दिवसाला मुळात किती ऊर्जा लागते आणि सध्या पोटात किती जाते, हे कुणीच पाहिलेलं नसतं. मग भात बंद होतो, त्याच्या जागी दोन पोळ्या वाढतात, महिन्याने काटा जिथल्या तिथे असतो आणि माणूस 'माझ्या शरीरालाच सवय नाही' म्हणून हताश होतो. इतकं हताश व्हायचं काही कारण नाही. स्वयंपाकघरातला एक डिजिटल काटा, एक वही आणि चार आठवड्यांची चिकाटी, एवढ्यावर कुणालाही स्वतःचा आकडा काढता येतो.

पद्धत थोडक्यात अशी: सूत्राने अंदाज काढायचा, त्या अंदाजाप्रमाणे जेवायचं, जेवलेलं मोजायचं आणि वजनाच्या सरासरीवरून अंदाज दुरुस्त करायचा. बहुतेक लोक पहिल्या टप्प्यावर, म्हणजे मोबाइलवरच्या ॲपने दिलेल्या आकड्यावर थांबतात. खरं उत्तर शेवटच्या टप्प्यात मिळतं.

एक खुलासा. बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो तीच पाकिटावर किलोकॅलरी म्हणून छापलेली असते. पुढे सगळीकडे त्याच अर्थाने कॅलरी म्हटलं आहे.

कुणी हे एकट्याने करू नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तूट ठेवायचीच नाही, म्हणजे गरजेपेक्षा कमी खायचंच नाही. त्यांची गरज उलट वाढलेली असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींप्रमाणे गरोदरपणात रोज ३५० आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत, बाळ अंगावर असेल तर, रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. अठरा वर्षांखालच्या मुलांचं जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून औषधाचा डोस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पुढे सांगितलेलं प्रथिनांचं प्रमाण तुमच्यासाठी नाही. खाण्यापिण्याच्या मानसिक विकारातून गेलेल्या माणसाने ग्रॅम मोजायच्या वाटेला जाऊ नये.

आणि काही न करता वजन उतरत असेल तर वही बाजूला ठेवा आणि तपासणी करून घ्या. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह यांची पहिली खूण कित्येकदा हीच असते.

कमी करायचं की वाढवायचं?

उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि वजनाला त्याने भागा. आलेला बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी आहे, २३ च्या वर असेल तर जास्त, आणि २५ च्या वर असेल तर लठ्ठपणा. युरोपीय लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्यासाठी ते खाली का आणले, याचं उत्तर पुण्यातून आलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून तसा असेलच असं नाही. म्हणून बीएमआयबरोबर कंबरही मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. बीएमआय २२ असून कंबर ९४ असेल तर नुसतं वजन उतरवून भागत नाही, स्नायू वाढवणारा व्यायाम हवा.

पहिली पायरी: सूत्राने अंदाज

काही न करता पडून राहिलं तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांना जी ऊर्जा लागते ती मूळ गरज. बहुतेकांच्या बाबतीत दिवसभराच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा हाच असतो. ती काढायचं हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र १९१९ सालचं आहे. आज जास्त भरवशाचं मानतात ते १९९० चं मिफ्लिन-सेंट जॉर सूत्र:

पुरुष: (१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंटिमीटरमध्ये) − (५ × वय) + ५

स्त्री: (१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंटिमीटरमध्ये) − (५ × वय) − १६१

उदाहरणासाठी बँकेत बसून काम करणारी ३८ वर्षांची स्त्री घेऊ. वजन ७२ किलो, उंची १५६ सेंटिमीटर. ७२० अधिक ९७५, त्यातून १९० आणि १६१ वजा. उत्तर १३४४.

हे सूत्र अमेरिकेतल्या लोकांवरून बांधलेलं आहे. आपल्याकडे त्याच वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, त्यामुळे मूळ गरज थोडी कमी भरते. मी इथे पाच टक्के वजा करणं पसंत करतो. मग १३४४ चे होतात साधारण १२७७.

आता हालचालीचा गुणक. दिवसभर खुर्चीत आणि व्यायाम अजिबात नाही तर १.२. थोडीफार चाल किंवा आठवड्यातून दोन-तीनदा हलका व्यायाम असेल तर १.३७५. आठवड्यातले चार-पाच दिवस नेटाने व्यायाम असेल तर १.५५. रोजचा जड व्यायाम किंवा दिवसभर उभ्याने अंगमेहनत असेल तर १.७२५. ऊसतोड, हमाली, बांधकाम यांसारख्या कामाला १.९.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. सकाळी अर्धा तास चालून उरलेला दिवस खुर्चीत घालवणारा माणूस स्वतःला १.५५ मध्ये बसवतो, आणि एका फटक्यात तीन-चारशे कॅलरी कागदावर वाढतात. उलट, घरची धुणी-भांडी, केर-फरशी, पाणी भरणं आणि दोन वेळचा स्वयंपाक स्वतः करणारी बाई 'मी कुठे व्यायाम करते' म्हणून १.२ धरते, तेही बरोबर नाही. हे काम खर्चात धरलंच पाहिजे. शंका असेल तर खालचा गुणक घ्या, पुढे दुरुस्ती होणारच आहे.

आपल्या उदाहरणातली स्त्री स्टेशनपर्यंत चालत जाते, घरातलं निम्मं काम करते. १२७७ गुणिले १.३७५, म्हणजे १७५६. सोयीसाठी १७५० म्हणू. ताळा करायचा असेल तर राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे पाहा: बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला १६६०, ६५ किलोच्या पुरुषाला २११०. तुमचं उत्तर यांच्यापासून फारच लांब गेलं असेल तर गुणाकार पुन्हा तपासा.

दुसरी पायरी: तूट किती ठेवायची

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ३५० ची तूट ठेवली तर आठवड्याला २४५०, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण महिन्याला सव्वा किलोहून जास्त झालं आणि त्यासाठी उपाशी राहावं लागलं नाही. माझ्या मते ३०० ते ५०० ही बहुतेकांना झेपणारी तूट आहे. वजन खूप जास्त असेल तर ५०० कडे जा, थोडंच उतरवायचं असेल तर ३०० कडे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रीने १२०० च्या आणि पुरुषाने १५०० च्या खाली जाऊ नये.

घाई का करू नये, हे मिनेसोटा विद्यापीठातल्या १९४४-४५ च्या प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. ॲन्सेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं, आणि तेवढ्यात भरपूर चालायलाही लावलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव भागाने उतरलं, पण शरीराचा मूळ खर्चही सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. दिवसरात्र डोक्यात फक्त अन्न, अंगात सतत थंडी, वागण्यात चिडचिड. शरीर तुटीशी जुळवून घेतं. तूट जितकी मोठी, तितकं जोरात.

उदाहरणातल्या स्त्रीचं लक्ष्य ठरलं १४००. त्यात प्रथिनं किती, हेही ठरवायला हवं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. तिचं गाठायचं वजन ६० किलो धरून किलोमागे १.२ ग्रॅम घेतलं तर ७२ ग्रॅम. शाकाहारी घरात हा आकडा आपोआप येत नाही, जमवावा लागतो. दिवसभरातल्या पोळी-भाकरीच्या १५० ग्रॅम पिठातून १५-१६ ग्रॅम, ६० ग्रॅम कोरड्या डाळीतून किंवा उसळीच्या कडधान्यातून १३, वाटीभर दह्यातून ६, ५० ग्रॅम पनीरमधून ९, पेलाभर दुधातून ६ आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांमधून १५. हे मिळून ६४-६५ होतात, उरलेले सात-आठ भात, भाजी, शेंगदाणे यांतून जमवायचे. अंडी चालत असतील तर एका अंड्यामागे ६ ग्रॅम धरा, म्हणजे बरंच सोपं होतं.

तिसरी पायरी: पोटात काय जातं ते मोजणं

ॲपमध्ये 'एक वाटी आमटी' लिहिलं की ते कुठल्यातरी वाटीचा, कुठल्यातरी आमटीचा आकडा देतं. तुमच्या घरची वाटी शंभर मिलिलिटरची असेल किंवा दोनशेची. आमटीत तेल एक चमचा असेल किंवा तीन पळ्या. म्हणून आपण कच्च्या जिनसांचं वजन करायचं. ते नक्की असतं.

काही आकडे तोंडपाठ ठेवा. शंभर ग्रॅम कच्चा तांदूळ, कणीक, ज्वारीचं किंवा बाजरीचं पीठ, कुठलीही डाळ, साबुदाणा: सगळे ३२० ते ३६० च्या मध्ये. इतका कमी फरक आहे. भाकरी म्हणजे हलकी आणि पोळी म्हणजे जड, हा समज पिठाच्या कॅलरींच्या बाबतीत तरी टिकत नाही. भाकरीत तेल नसतं आणि एक खाल्ली की पोट भरतं, हा तिचा खरा फायदा. साखर चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम, २० कॅलरी, आणि गूळही जवळपास तेवढाच. तेल आणि तूप एका ग्रॅमला ९. शेंगदाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशे. ओलं खोबरं साडेतीनशे ते चारशे, त्यामुळे कोकणात-गोव्यात आमटी-कालवणात पडणारं वाटण आठवणीने लिहायचं, माशाचा बाऊ करायचा नाही. सविस्तर आकडे हवे असतील तर राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. परदेशी ॲपपेक्षा ते आपल्याला जास्त जवळचे.

आता एक आमटी मोजून पाहू. रिकामं पातेलं काट्यावर ठेवून त्याचं वजन झाकणावर मार्करने लिहून टाका, ते काम एकदाच करायचं. तूरडाळ १५० ग्रॅम घेतली: ५०० कॅलरी. फोडणीला दोन पळ्या तेल गेलं, पळी पंधरा मिलिलिटरची, म्हणजे २७ ग्रॅम: २४३. गुळाचा खडा १० ग्रॅम: ३७. कांदा-टोमॅटो मिळून ३०. एकूण ८१०. आमटी उकळून झाल्यावर पातेल्यासकट वजन केलं, पातेल्याचं वजा केलं, उरली ११०० ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमला ७४. ताटात वाढून घेतलेली वाटी १५० ग्रॅमची असेल तर ११० कॅलरी. यातला तीस टक्के भाग नुसत्या फोडणीचा आहे. एक पळी कमी केली तर चवीत फारसा फरक पडत नाही, पण पातेल्यातून १२० कॅलरी निघून जातात.

पोळ्यांचं आणखी सोपं आहे. कणकेचा डबा मळण्याआधी आणि पीठ काढून घेतल्यावर तोला. ४०० ग्रॅम कणीक गेली: १३६०. पोळ्यांमध्ये आणि वरून मिळून ३० ग्रॅम तेल-तूप लागलं: २७०. दहा पोळ्या झाल्या, तर एक पोळी १६३ कॅलरींची. लहान गोळ्याचा, बिनतेलाचा फुलका करणाऱ्या घरात एक पोळी सत्तर-ऐंशीची निघेल. दोन्हींना ॲपमध्ये नाव एकच असतं.

भात शिजताना पाणी पितो, म्हणून शिजलेला भात कच्च्या तांदळाच्या आकड्याने मोजू नका. शंभर ग्रॅम तांदळाचा साधारण २८० ते ३०० ग्रॅम भात होतो. ताटातला दीडशे ग्रॅम भात म्हणजे १८० कॅलरींच्या आसपास.

तेलाचा हिशोब ताटात लागत नाही, तो महिन्याच्या किराण्यावर लावा. ही मला सगळ्यात कामाची वाटणारी युक्ती आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर ते साडेचार किलोहून थोडं जास्त भरतं. भागिले चार, भागिले तीस: माणशी दिवसाला ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. तुपाची बरणी यात धरलेलीच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक ताटात दोन हजार कॅलरींच्या माणसाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप दिलं आहे. त्या हिशोबाने चार माणसांना महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवं, तेही तूप धरून. तळण उरलं आणि तेल टाकून दिलं, तर तेवढं वजा करा.

चहा लिहायला लोक हमखास विसरतात. साठ मिलिलिटर मलईचं दूध आणि दोन चमचे साखर घातलेला एक कप साधारण ९० कॅलरींचा होतो. दिवसाला तीन कप म्हणजे २७०. साखर अर्धी केली तरी दिवसाचे ६० वाचतात. तसंच येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा, मुलाच्या ताटातला उरलेला घास, भाजी चाखून बघणं, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा. हे सगळं वहीत गेलंच पाहिजे. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. 'आम्ही बाराशे कॅलरीही खात नाही, तरी वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्यांची तपासणी केली, तर त्यांचा चयापचय ठीकच निघाला. ते प्रत्यक्षात जेवढं खात होते त्यातलं जवळजवळ निम्मं सांगण्यातून सुटत होतं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. डोळ्यांनी आणि आठवणीने अन्न मोजणं माणसाला जमतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उपवासाच्या दिवसाबद्दल थोडं. एका माणसाच्या साबुदाणा खिचडीत ७० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप आणि अर्धा बटाटा धरला तर पाचशेच्या वर जातं, आणि प्रथिनं त्यात आठ ग्रॅमही नसतात. दोन तासांनी पुन्हा भूक लागते ती त्यामुळे. उपवास मोडायला कुणी सांगत नाही. खिचडी अर्धी करून सोबत वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर आणि एखादं फळ घ्या, किंवा वरीचा भात आणि दाण्याची आमटी मोजून घ्या. सणाचंही तसंच. तुपासकट एक पुरणपोळी पावणेचारशे-चारशेची होते. होळीला ती खावीच, फक्त त्या दिवशी सोबतच्या भजी आणि भाताचं काय करायचं ते आधी ठरवा, आणि वहीत खरा आकडा लिहा.

चौथी पायरी: खरा आकडा काढणं

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि लिहा. एकेका दिवसाचा आकडा मनावर घेऊ नका. आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झालं, प्रवास झाला, पोट साफ झालं नाही, तर किलोभर इकडे-तिकडे सहज होतं. पाळीच्या आधी बऱ्याच बायकांच्या शरीरात एक-दोन किलो पाणी साठतं. म्हणून सात दिवसांची सरासरीच पाहायची, आणि बायकांनी शक्यतो मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी तुलना करायची.

पहिला आठवडा हिशोबात धरू नका. जेवण कमी केलं की स्नायूंतली साठवलेली साखर कमी होते, आणि तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी जातं. 'आठवड्यात दोन किलो' अशा जाहिरातींत दाखवतात ते बहुतेक हेच पाणी.

आपल्या उदाहरणाकडे परत. दुसऱ्या आठवड्याची सरासरी आली ७१.४ किलो, चौथ्याची ७१.०. मधल्या चौदा दिवसांत ४०० ग्रॅम उतरले. वहीप्रमाणे रोजचं सरासरी खाणं १४५० होतं. आता हिशोब: ०.४ गुणिले ७७००, भागिले १४, म्हणजे रोज २२० ची तूट. खाणं १४५० आणि तूट २२०, म्हणजे या स्त्रीची खरी गरज १६७०. सूत्राने सांगितलं होतं १७५०.

हा १६७० आकडा जपून ठेवा. त्याची गंमत अशी की वही लिहिताना तिची थोडी चूक होत असली, समजा रोज शंभर-दीडशे कॅलरी नजरेतून सुटत असल्या, तरी तो आकडा तिच्या उपयोगाचाच आहे. चूक रोज सारखीच होत असेल तर ती दोन्ही बाजूंनी कटते. तिच्या वहीच्या मापाने तिची गरज १६७०, आणि त्याच मापाने त्यातून ३०० वजा केले की १३७०. म्हणून मोजण्याची पद्धत मध्येच बदलू नका. दोन आठवडे कच्चं वजन आणि दोन आठवडे अंदाज, असं केलं तर सगळा ताळा बिघडतो.

तिला आता दोन वाटा आहेत. खाणं ८० ने आणखी कमी करायचं किंवा चालणं वाढवायचं. मी चालणं वाढवायला सांगेन. साध्या चालीने एका किलोमीटरला, शरीराच्या किलोमागे, बसून राहण्यापेक्षा साधारण अर्धी कॅलरी जास्त जळते. ७१ किलोच्या माणसाने चार किलोमीटर चालले की १४०. घड्याळ किंवा मोबाइल यापेक्षा मोठा आकडा दाखवतील, कारण त्यात नुसतं बसूनही जळली असती ती ऊर्जा धरलेली असते. आणि घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी 'कमावल्या' म्हणून खाऊ नका. गुणकात हालचाल एकदा धरली आहे, ती पुन्हा धरली की तूट संपते.

वजन वाढवायचं असेल तर

बारीक माणसाला आपल्याकडे सहानुभूती कमी मिळते. 'तुझं बरं आहे, काहीही खा' असं ऐकून घेणाऱ्या मुलाला खरं तर जास्त कष्ट पडतात, कारण त्याला भूक नसताना जेवायचं असतं.

वसतिगृहात राहणारा २२ वर्षांचा मुलगा घ्या. वजन ५२, उंची १७२, बीएमआय १७.६. सूत्राने १४९०, पाच टक्के वजा करून १४१५. तो सायकलने कॉलेजला जातो, आठवड्यातले चार दिवस व्यायामशाळेत जातो, म्हणून १.५५. गरज साधारण २२००. त्यात ३५० वाढवले की २५५०. महिन्याला किलो-सव्वा किलो वाढलं की पुरे. त्याहून वेगाने वाढलेलं बहुतेक पोटावर बसतं.

साडेतीनशे वाढवायला खानावळीत दोन ताटं घ्यायची गरज नाही. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १६५, एक केळं ९५, भातावर दोन चमचे तूप ९०. झाले. पोट लवकर भरत असेल तर प्या: पेलाभर म्हशीचं दूध दोनशेच्या वर जातं, त्यात नाचणीचं सत्त्व शिजवलं तर आणखी. जेवणाआधी चहा-बिस्किटं टाळा, भूक मरते. ताक आणि पाणी जेवण झाल्यावर. प्रथिनं किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत न्या आणि वजनं उचला, नाहीतर वाढीव कॅलरींची नुसती चरबी होईल. तीन आठवडे एवढं खाऊनही सरासरी हलली नाही तर २०० आणखी वाढवा. काही मुलांचं खाणं वाढलं की हालचालही नकळत वाढते आणि जादा ऊर्जा तिकडेच जाते, म्हणून त्यांना जास्त लागतं. बरोबरीने खोकला, बारीक ताप, वारंवार जुलाब असं काही असेल तर खाणं वाढवत न बसता तपासणी करा.

वजन अडलं तर, आणि पुढे

दोन आठवडे सरासरी हलली नाही म्हणजे अडलं असं समजू नका, तीन-चार आठवडे पाहा. मग आधी वही तपासा. बहुतेक वेळा फोडणीची पळी पुन्हा मोठी झालेली असते किंवा रविवारचं बाहेरचं जेवण लिहिलेलं नसतं. वही खरोखरच चोख असेल तर वजन कमी झाल्यामुळे गरजच खाली आलेली असते. दर चार-पाच किलोंनंतर चौथी पायरी पुन्हा करायची. आपल्या उदाहरणातली स्त्री ६५ किलोवर आली की सूत्राप्रमाणेच तिची गरज ९० कॅलरींनी कमी भरेल, आणि शरीराने जुळवून घेतल्यामुळे आणखी थोडी.

तीन महिने सलग तूट ठेवली असेल तर दोन आठवडे गरजेइतकं जेवा. झोप, मूड, व्यायामातला जोर सुधारतो, आणि पुढचे महिने जास्त सोपे जातात. गाठायचं वजन आलं की एकदम जुन्या जेवणावर जायचं नाही. दर आठवड्याला १०० कॅलरी वाढवत न्यायच्या, आणि सरासरी थांबली की तिथेच थांबायचं. तेव्हा प्रत्येक घास लिहायची गरज उरत नाही. रोजचं वजन, महिन्याचा तेलाचा हिशोब आणि कणकेच्या डब्यातून किती पीठ निघतं यावर नजर, एवढं ठेवा. सरासरी दीड किलोने वर गेली की आठवडाभर वही पुन्हा काढायची.